कोरा नमुना

रसिका पुण्याहून आली आणि वर्षभरात माझ्या डोक्यावर बसली. गाझियाबादच्या या लॅबमध्ये नऊ वर्षं मी लोकांच्या लघवीत अफूसारखी कृत्रिम औषधं आणि नकली गांजाची रसायनं शोधतेय. पण नवं मशीन आलं तेव्हा आमच्या लॅबप्रमुख अनुराग सरांच्या डोळ्यांसमोर हीच. या आठवड्यात ते दोघींनी चालवायचं, मग सर ते एकीच्या हाती देणार. मी जळत होते, उगाच कशाला लपवू? तिचं ते गोड ‘गिरिजाताई’सुद्धा मला टोचायचं.

मशीनला रोज आधी औषधाचा अंश नसलेली लघवी द्यायची. पडद्यावर काही उमटलं नाही, की मशीन स्वच्छ. हा ‘ब्लँक’ स्टाफपैकीच कुणीतरी आळीपाळीने देतो. गुरुवारी रसिकाने तो घातला आणि पडद्यावर ट्रॅमाडॉलचा, म्हणजे अफूसारख्या एका वेदनाशामकाचा, उंच सुळका उभा राहिला. बाईसाहेबांनी काल मशीन धुतलंच नाही! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी थेट सरांना बोलावून आणलं.

“सर, इसने मशीन खराब कर दी.”

रसिकाने शांतपणे नुसतं पाणी घालून दाखवलं. सुळका गायब. मशीन स्वच्छ होतं, दोष ब्लँकमध्येच होता. मग तिने माझ्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ब्लँक माझा होता. दाढ काढल्यावर मयूर विहारच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या मी नाव न वाचताच गिळत होते. मी, जी दिवसभर दुसऱ्यांच्या अंगात तेच औषध शोधते!

“ब्लँक किसका था?” सरांनी विचारलं.

“सर, गलती मेरी है,” रसिका म्हणाली. “लेने से पहले दवा का पूछना चाहिए था. नाम रहने दीजिए.” मग माझ्याकडे वळून हळूच, “जाऊ द्या, ताई.”

सर तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. हुशारी तिची, मशीन तिचं, आणि आता मोठेपणाही तिलाच? एवढं मात्र मी तिला घेऊ देणार नव्हते.

“मेरा था, सर. दवा मैं ले रही हूँ. इसकी कोई गलती नहीं.”

मशीन माझ्या हातून गेलं, हे सरांनी बोलून दाखवायची गरजच नव्हती. रसिकाने भरल्या डोळ्यांनी माझा हात धरला.

“किती प्रामाणिक आहात हो तुम्ही!”

मी हात सोडवून घेतला. तिचं ते कौतुकही मला नको होतं.