मी तपासणीच्या खोलीचा आडोसा

मी दुधी फिल्म बोलतेय. रोह्यात डॉक्टर दिपिकांचा बायकांचा दवाखाना आहे. तिथे बाकावर बसलं की समोर मीच दिसते. तपासणीच्या खोलीला बाहेरच्या बाजूने तीन मोठ्या काचा आहेत आणि त्यांच्यावर मी चिकटलेली आहे. अंगावर बारीक आडव्या रेघा. माझ्यातून उजेड आत जातो, नजर जात नाही. एवढंच माझं काम, पण ते मी चोख करते.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला कामाला लावलं नझीरने. पेणला त्याचं पाट्यांचं दुकान होतं. गणपतीच्या कारखान्यांच्या पाट्या तोच करायचा. मला गुंडाळून खांद्यावर टाकून तो गाडीने रोह्याला आला. काचेवर साबणाचं पाणी शिंपडलं, मला अलगद टेकवलं आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत गेला. एक बुडबुडा राहिला नाही. जाताना डॉक्टरांना म्हणाला, "आता आतली बाय निर्धास्त. बाहेरून सावलीपण दिसायची नाय."

पुढे नझीर दुकान बंद करून कुवेतला गेला. मी कामावरच होते. माणसांच्या सवयी मला पाठ झाल्या. नवरे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, पण कान खोलीकडे असतात. कुणीतरी नखाने माझी कड उचकटून बघतं. चपला बाहेर काढायची सूचनासुद्धा चिकटपट्टीने माझ्याच अंगावर डकवतात.

एकदा ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेताना कलंडला आणि मधली काच फुटली. तुकडे मी धरून ठेवले, कुणाच्या पायात कण गेला नाही. पण त्या काचेबरोबर माझा मधला भागही गेला. नवी काच आली ती कोरी. डॉक्टरांनी तिला पडदा लावला. पंखा सुरू झाला की तो फडफडायचा.

त्याच दिवसांत हौसाबाई आली. खाडीकाठच्या मिठागरात राबणारी, जवळच्या निडी गावात लेकीकडे राहायला आलेली. लेकीने, मालूने, तिला कशीबशी इथवर आणली होती. छातीत गाठ लागत होती. हौसाबाई खोलीत गेली, पडद्याकडे बघितलं आणि तशीच बाहेर आली.

"इथं नाय गो मी अंगावरचं काढणार. बाहेर पुरुषमाणसं बसल्यात."

"आये, डॉक्टरीण बायच हाय."

"पुढल्या खेपेला बघू."

डॉक्टर मागोमाग दारापर्यंत आल्या, तोवर दोघी रिक्षात बसल्या होत्या. डॉक्टरांनी तिथूनच बाजारातल्या उमामाला फोन लावला.

उमामाचं स्वतःचं पाट्यांचं दुकान. ती आली, माझ्यावर बोट फिरवलं, उजेडात बघितलं, मागे काळा कागद धरून बघितलं. दुसऱ्याच्या हातचं काम ओळखायचं म्हणजे सोपं नसतं. आडव्या रेघांची फिल्म तिला पनवेलपर्यंत कुठे मिळेना. पुन्हा येऊन ती माझ्यासमोर बसून राहिली आणि हसली.

"मॅडम, हिला मुळात आडव्या रेघा नायतच. उभ्या हायत. रोल अरुंद, काच रुंद. मधे जोड नको म्हणून लावणाऱ्याने आडवी फिरवलीय. हुशार माणूस."

मला बरं वाटलं. नझीरचा हात ओळखणारं कुणीतरी भेटलं होतं.

उभ्या रेघांचा नमुना तिने आणला, आडवा करून नव्या काचेवर धरला. रेघेला रेघ मिळाली.

"झालं की," डॉक्टर म्हणाल्या.

"थांबा. मी आत जाते. तुम्ही बाकावर बसा."

आत बत्ती लावून उमामा माझ्यामागे उभी राहिली आणि हात वर केला. डॉक्टरांना काही दिसलं नाही. मग ती नव्या नमुन्यामागे सरकली. हाताची सावली स्पष्ट उमटली.

"दिसायला बहीण हाय, पण पातळ हाय," उमामा बाहेर येऊन म्हणाली. "आतून साधी पांढरी फिल्म अजून एक लावते. रेघा जुळतील, पण ही काच बाकीच्यांपेक्षा पांढरी दिसेल. चालेल?"

"दिसू दे. आतलं दिसायला नको."

काम झालं तसा डॉक्टरांनी मालूला फोन केला. हौसाबाई आली, आधी बाकावर बसून काचांकडे टक लावून बघत राहिली. आत लेकीला उभी केली, स्वतः बाहेरून पाहिलं आणि मगच आत गेली. पुढचं मी सांगत नाही. आतलं सांगायची माझी रीत नाही. पण हौसाबाईच आता तपासणीला येते तेव्हा बाकावरच्या बायकांना मोठ्याने सांगते, "गाठ लवकर सापडली म्हणून वाचले गो. लाजू नका, जावा आत."

आज मी जराशी पिवळट झालेय. शेजारीण पांढरीफेक आहे. आमचा रंग जुळत नाही, काम जुळतं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठे काच बदललीत, तर नुसती नक्षी जुळवून थांबू नका. आत बत्ती लावा, कुणाला तरी उभं करा आणि बाहेर बसून बघा.

तुमचं नाव पुकारलं वाटतं. खुशाल आत जा. मी आहे इथे.