बाईंची लाइन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या तबकडीवर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे आहेत, पण मला स्वतःचा नंबर नाही. मी लाइनमनचा तपासणीचा फोन. मला कमरेच्या पट्ट्याला अडकवून खांबावर न्यायचं, माझे दोन चिमटे तारेला लावायचे आणि लाइन चालू आहे का ते ऐकायचं, एवढंच माझं काम होतं. मी कुणालाही फोन लावू शकत असे. मला मात्र आजवर कुणी फोन केलेला नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, मला कानाशी धरून एकदा 'हॅलो' म्हटलं आणि खोक्यात ठेवलं. ते खोकं १९९३ साली नाशिक रोडला उघडलं आणि मी गोरक्षच्या वाट्याला आलो. गोरक्ष सायखेड्याचा, पंचविशीतला. घरची माणसं गावी होती आणि हा इथे भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. पाऊस आला की तो स्वतः भिजायचा, पण मला शर्टाच्या आत ठेवायचा. खांबावरून खाली ओरडायची सवय लागल्यामुळे त्याचा आवाज फार मोठा होता. खोलीवर गेल्यावर मात्र तो गप्प असायचा, कारण तिथे बोलायला कुणी नव्हतं.

त्या काळी फोनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. कमळाबाईंचा नंबर लागला तो १९९७ साली. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका होत्या आणि एका कॉलनीत दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहायच्या. धाकटी बहीण मैना इगतपुरीला दिलेली होती. फोन घ्यायचा तो तिच्यासाठीच. दर रविवारी तिच्याशी बोलता येईल, असं त्या म्हणाल्या.

गोरक्षने तार जोडली आणि सवयीने सांगितलं, "बाई, तुमची लाइन चालू झाली."

"लाइन म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं.

"लाइन म्हंजी लाइन. तार."

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि भाकरीवर चटणी वाढून दिली. "ही कशाची आहे, सांग."

"जवसाची."

"तीच तुझी लाइन," बाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. जवसाच्या झाडाच्या खोडातून धागा निघतो. फार पूर्वी परदेशात त्या धाग्यालाच लाइन म्हणत. पुढे कुठल्याही दोरीला लाइन म्हणू लागले. दोरी ताणून सरळ रेघ आखतात, म्हणून रेघही लाइन झाली. मग रांग, रूळ आणि तारही. "एवढ्या लांबून चालत आलाय हा शब्द तुझ्या खांबापर्यंत."

गोरक्ष खाता खाता थांबला. चार वर्षं तो दिवसातून शंभर वेळा हा शब्द बोलत होता, पण त्याला जन्मगाव असेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून त्या दोघांचा एक खेळच सुरू झाला. कॉलनीत काम निघालं की तो बाईंच्या दारात उभा राहून नवा अर्थ सांगायचा. वीज गेली तरी लोक लाइन गेली म्हणतात. रेशनला लाइन लावतात. पोरगं नोकरीला लागलं तर लाइनीला लागलं म्हणतात आणि दारू प्यायला लागलं तर वाईट लाइनीला गेलं म्हणतात. बाई ते सगळं एका वहीत लिहून घेत. एकदा तो काहीतरी सांगता सांगता अडखळला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "लाइन मारणं ना? ते लिहिलंय मी आधीच. वर्गात तीस वर्षं काढली आहेत मी."

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते.

दोन वर्षांनी बाईंची पहिली तक्रार आली. त्या स्वतः चिठ्ठी लिहून ऑफिसात घेऊन आल्या: आवाज फार बारीक येतो. गोरक्षने खांबावर चढून मला जोडलं. माझ्या कानात स्वच्छ सूर वाजत होता. तरी त्याने जोड घट्ट केले, तार बदलली, पुढच्या खेपेला घरातलं यंत्रही बदललं. प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, "थोडं बरं वाटतंय." पंधरा दिवसांनी पुन्हा चिठ्ठी येई.

ऑफिसातला जुना लाइनमन वाळू एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "गोरक्ष, लाइनीत तर काय बिघाड नाय. मग बाई तुला लाइन देती का काय?"

सगळे हसले. गोरक्षचे कान लाल झाले. त्यानंतरच्या दोन तक्रारींना तो गेलाच नाही. जागेवर बसून चिठ्ठीवर 'लाइन चालू' असं लिहिलं आणि सही केली. मी त्याच्या कमरेलाच होतो. मला सगळ्यांचं ऐकू येतं, पण मला बोलता येत नाही.

तिसरी चिठ्ठी आली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. रविवारची सकाळ होती. तो खांबावर चढला, चिमटे लावले, आणि तेवढ्यात बाईंच्या लाइनीवर घंटी वाजली. लाइनमनने कुणाचं बोलणं ऐकायचं नसतं. पण तक्रार आवाजाचीच होती, म्हणून त्याने मला कानापासून काढलं नाही.

"ताई, डॉक्टरांनी गुरुवार दिलाय ऑपरेशनला," मैनाबाईंचा आवाज आला. शेजारच्या खोलीतून यावा इतका स्पष्ट. "तू येशील ना? मला भीती वाटते गं."

"मोठ्याने बोल, मैना. लाइन खराब आहे."

मैनाबाई ओरडून बोलल्या. मग आणखी मोठ्याने बोलल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दोनदा विचारलं ताई, तू उत्तरच देत नाहीस. यायचं नसेल तर तसं सांग ना."

"बरं, बरं," बाई म्हणाल्या. "मीही मजेत आहे. ठेवते आता."

मी नुसतं यंत्र आहे, मित्रांनो. पण त्या क्षणी माझ्या चिमट्यांना ती तार धरवेना.

गोरक्ष खाली उतरला. तो चढून आला होता त्यापेक्षा जास्त दमलेला दिसत होता. त्याने तक्रारीचाच कागद उलटा केला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मैनाताईंचं गुरुवारी ऑपरेशन आहे. त्यांना भीती वाटते. तुम्हाला बोलावतात.' मग दार वाजवून कागद बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "तुला कुणी सांगितलं?"

"लाइनीवर ऐकलं. चुकलं माझं."

बाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या. आज पहिल्यांदाच गोरक्षला कळलं, की त्या नेहमी तिथेच बघायच्या. "तुला एवढं स्वच्छ ऐकू आलं?"

त्याने मान हलवली.

"मग लाइन चांगली आहे. कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाई," तो म्हणाला.

बाईंनी फळीवरून पिशवी काढली आणि इगतपुरीची गाडी कितीला आहे ते विचारलं. गोरक्षने बोटांनी वेळ दाखवली आणि पिशवी स्टेशनपर्यंत नेऊन दिली. वाटेत त्याने दोन तक्रारींवर न येताच 'लाइन चालू' लिहून सही केल्याचंही सांगितलं. बाई पुढे बघून चालत होत्या. त्यांना ते ऐकू आलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

त्या परत आल्या नाहीत. फोन बंद करण्याचा अर्ज टपालाने आला आणि गोरक्षनेच ती तार सोडवली. चार महिन्यांनी ऑफिसच्या पत्त्यावर त्याच्या नावाचं पोस्टकार्ड आलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ते हळू आवाजात वाचलं.

'गोरक्ष, एक अर्थ सांगायचा राहिला. पत्र धाडण्यालाही इंग्रजीत लाइन टाकणं म्हणतात. म्हणून ही टाकते. मैना पाच तारखेला गेली. शेवटपर्यंत खूप बोलली. निम्मं मला ऐकू आलं, निम्मं तिच्या ओठांवरून कळलं. तू सांगितलं नसतंस तर यातलं काहीच मिळालं नसतं. आता इथेच राहते. पत्र वाचायला कान लागत नाहीत. लिही.'

गोरक्षने कोरं कार्ड विकत आणलं. बाईंनी शिक्षिकेच्या नजरेने वाचलं तर चुका निघतील, या भीतीने तो रोज उद्यावर ढकलायचा. ते कार्ड माझ्याशेजारी पिशवीत राहून मळलं. पुढे माणसांच्या खिशात मोबाइल आले, लोक तारा काढून टाकू लागले. २००६ साली गोरक्षची बदली झाली. त्याने मला फडक्याने पुसलं, भांडारात जमा केलं आणि कोरं कार्ड स्वतःच्या खिशात घातलं.

त्याने ते लिहिलं की नाही, मला ठाऊक नाही. इथे भांडारातल्या कपाटात ते सांगायला कुणी येत नाही.

मित्रांनो, मला कुणी पुसावं, जपावं असं माझं मागणं नाही. पण तुमच्या पत्राची वाट बघणारं कुणी असेल, तर शुद्धलेखनाची काळजी करत बसू नका. चुकलेल्या ओळीही वाचता येतात.