अकरा लेकी आणि एक बाल्कनी

मित्रांनो, मी जुनी आहे हे मी स्वतः सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला चालत नाही. मी आयरिस नावाचं फूलझाड. माझा कंद आल्याच्या गड्ड्यासारखा, पानं तलवारीसारखी, आणि जीभही तशीच, असं शेजारची तुळस म्हणते. तुळशीला लोक रोज नमस्कार करतात, म्हणून ती काहीही बोलते.

माझं माहेर डोंगरातलं. सिमल्याकडच्या एका सरकारी विश्रामगृहाच्या कुंपणाशी आम्हा बहिणींचा मोठा गोतावळा होता. तिथे दौऱ्यावर आलेल्या पद्माकररावांनी माळ्याला विचारून माझा एक तुकडा घेतला, हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बसने दिल्लीला आणला. बारा तास मी त्या कागदात होते. माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच. पुढच्या आयुष्याला ते पुरलं.

पद्माकरराव मूळचे वाईचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांचं सरकारी क्वार्टर तळमजल्यावर होतं आणि मागे साडीच्या रुंदीएवढी मातीची पट्टी होती. तिथे मला लावलं. पहिलं वर्ष मी रुसून काढलं. दिल्लीची लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, ती तव्यावरची वाफच, आणि जुलैत पाणी तुंबलं की आमच्या जातीचं कुजायलाच लागतं. पण दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी अशी फुलले, मित्रांनो, की पलीकडच्या गल्लीतून बायका बघायला आल्या. जांभळा रंग, तीन पाकळ्या वर, तीन खाली, आणि खालच्या पाकळीवर पिवळी दाढी. हो, आम्हा बायकांना दाढी असते. त्यात हसण्यासारखं काही नाही.

वीस वर्षं माझं कौतुक झालं. मग माझं लग्न झालं.

ते लग्न दात कोरायच्या काडीने लागलं. पद्माकररावांनी पुष्पप्रदर्शनातून एका गुलबट आयरिसचं फूल आणलं होतं. तिचा पराग काडीने उचलून त्यांनी माझ्या फुलात टेकवला. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. त्यांच्या बायकोने, उत्तराबाईंनी, खिडकीतून विचारलं, "अहो, काय करताय?" हे म्हणाले, "संशोधन." "मग त्या काडीने पुन्हा दात नका कोरू म्हणजे झालं."

शेंग धरली, बी पडलं, थंडीत अकरा रोपं उगवली. प्रत्येक रोप कुंडीत गेलं आणि प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी, तिच्यावर नंबर. तिसऱ्या मार्चला अकराही जणी पहिल्यांदा फुलल्या, आणि नेमकं त्याच वर्षी संकट आलं.

पद्माकररावांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. एकतीस मेला नोकरी संपणार, पाठोपाठ क्वार्टर सोडायचं, आणि नोएडात सहाव्या मजल्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये जायचं. त्या फ्लॅटच्या बाल्कनीत एसीचा डबा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड सोडला तर तीन कुंड्या राहत होत्या.

"एक तुळशीची," उत्तराबाई म्हणाल्या. त्यावर चर्चा नव्हती.

उरल्या दोन. त्यातली एक माझी, हे मी गृहीत धरलं. वीसहून जास्त वर्षांची सेवा आहे, बाई! म्हणजे अकरा लेकींतून एक निवडायची होती.

ती कोणती, हे माझ्या मते पहिल्याच दिवशी ठरलं होतं. चार नंबर. पाकळ्यांना झालर, रंग डाळिंबी, उभी राहिली की पैठणी नेसल्यासारखी. माझ्यावरच गेली होती. आणि सगळ्यांत शेवटी, पाइपाजवळ, नऊ नंबर. तिचा रंग सांगायलाही मला लाज वाटायची. रुमालावर चहा सांडला आणि तो धुवायचा राहिला, तसा. मी तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "ही माझी नाही. ही प्रदर्शनातल्यांच्या घराण्याची." ती काही बोलायची नाही. बोलली असती तरी मी ऐकलं नसतं.

पद्माकररावांचं मात्र ठरेना. त्यांनी वही केली होती. रंग, पाकळी, दांडा, कळ्या आणि वर्तणूक, असे पाच रकाने. पण हा माणूस ऑफिसात चौतीस वर्षं हाताखालच्यांचे अहवाल लिहीत आला आणि त्यानं आजवर कुणाला नापास केलं नव्हतं. ज्याचं काम अगदीच वाईट, त्याच्यापुढे 'सुधारणेस वाव आहे' असं लिहायचा. इथेही तेच. सहा नंबरचा दांडा इतका बुटका की फूल पानांच्या पदराआडून बाहेरच येईना. शेरा : 'नम्र.' दहा नंबरला एकच कळी. शेरा : 'संयमी.'

"अहो, या आयरिस आहेत, तुमचे कारकून नाहीत," उत्तराबाई म्हणाल्या. "दहा जणी जायच्यात. नावं सांगा, मी टाकते."

"घाई नको. तीन दिवस निरीक्षण करू. फाइल पेंडिंग ठेवू."

दुसऱ्या दिवशी चैत्रातली तृतीया होती. उत्तराबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. पद्माकरराव सकाळीच टेप घेऊन नोएडाला गेले, तीनच्या जागी चार कुंड्या बसतात का ते मोजायला. इकडे उत्तराबाईंनी गौरीपुढे पायऱ्यांची आरास मांडली, कलिंगडाचं कमळ कापलं, करंज्या रचल्या, आणि मागे वळून पाहिलं. अंगणात अकरा रंग उभे. बाईंच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. गौरीची आरास आणि दारात फुलं असताना ती तोडायची नाहीत, हे कुठल्या शास्त्रात बसतं? त्यांनी कात्री घेतली. दांड्यासकट, कळ्यांसकट सगळ्या गौरीमागे उभ्या केल्या. माझाही एकुलता एक दांडा त्यात होता, तो मधोमध. तेवढं बाईंना कळत होतं.

दुपारी पद्माकरराव परतले तेव्हा घर बायकांनी भरलेलं. त्यांची नजर आराशीवर गेली आणि हातातली टेप सर्रकन आत गेली. ओरडायची सोय नव्हती. ते मुकाट्याने खुर्चीवर बसले आणि लागोपाठ तीन ग्लास पन्हं प्यायले.

खरं संकट पुढेच होतं. निघताना उत्तराबाईंनी प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेले हरभरे घातले, काकडी घातली आणि एकेक फूल दिलं. एकदा ओटीत गेलेली वस्तू परत मागता येत नाही. पद्माकरराव दाराशी उभे राहून हसत हसत "या हं, पुन्हा या" म्हणत होते, आणि त्यांचं तीन वर्षांचं संशोधन कुणाच्या स्कूटरवर, कुणाच्या ऑटोत बसून चाललं होतं.

शेवटची बाई गेली आणि ते म्हणाले, "उत्तरा, अगं, मार्क द्यायचे होते!"

"मग द्या की. फुलं गेली, फोन गेलेत का?"

"पण कुठली कुणाकडे गेली, कसं कळणार?"

उत्तराबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. कुणाला काय दिलं हे विसरणारी बाई अजून त्यांच्या महिला मंडळात जन्मायची आहे. त्यांनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, "डाळिंबी विजयालक्ष्मीला. बुटकी कौशल्याला. पिवळी रेवतीला. ती चहाच्या डागाची कुणी घेईना, ती प्रणिताला दिली. ती पोरगी काहीही घेते, नाही म्हणत नाही."

आणि मग, मित्रांनो, पद्माकरराव वही घेऊन फोनवर बसले. मी खिडकीखालीच होते, सगळं ऐकलं.

गाझियाबादच्या विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "भावोजी, ते फूल ना? मेट्रोतच त्यानं मान टाकली. घरी पोचेपर्यंत ओला पापड. कळ्या होत्या त्याही तशाच गळून पडल्या. पण फोटो काय आलाय म्हणून सांगू! डीपी ठेवलाय."

माझी चार नंबर! मला वाटलं, मेट्रोत धक्काबुक्की झाली असेल.

कौशल्याबाई म्हणाल्या, "फुलदाणीत बुडालं हो, वाटीत ठेवलंय." नोएडाच्या रेवतीचं फूल सरळ उभंच राहीना, तिने ते कुकरच्या मुठीला बांधलं होतं. कुणाचं संध्याकाळी सुकलं, कुणाचं दुसऱ्या सकाळी. पद्माकरराव लिहीत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

प्रणिताचा फोन लागला तो तिसऱ्या दिवशी. ही उदगीरची मुलगी, करोल बागेत खिडकी नसलेल्या खोलीत राहून यूपीएससीचा अभ्यास करायची.

"काका, सॉरी, टेस्ट होती, फोन बंद होता. काय, फूल? आहे ना! कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलंय."

"अजून आहे?"

"पहिलं सुकलं, काका, पण काल दुसरी कळी उमलली. आणि आज सकाळी तिसरी! अजून दोन आहेत. खोलीत ऊन नाही, काही नाही. माझ्या टेस्टची पार वाट लागली, यार... सॉरी, काका. पण उठले तर समोर नवीन फूल. मग बसले परत अभ्यासाला. आणि रंग काय आहे हो! ट्यूबलाइटमध्ये अगदी गुळाच्या पाकासारखा दिसतो."

पद्माकररावांनी फोन ठेवला. मग उठून अंगणात आले आणि पाइपाजवळ नऊ नंबरपुढे उकिडवे बसले. "गेल्या जुलैत पाइप फुटला तेव्हा आठवडाभर पाण्यात होतीस तू," ते म्हणाले. "ते मी लिहिलंच नाही."

मीही ते पाहिलं होतं. बाकीच्या बहिणी कोरड्यात असून पिवळ्या पडल्या, आणि ही बुडालेल्या कुंडीत हिरवीगार होती. मी काय म्हणाले होते तेव्हा? 'हिला लाजच नाही.' माझी जीभ, मित्रांनो. तुळस अगदीच खोटं बोलत नाही.

नऊ नंबरपुढे त्यांनी 'पसंत' लिहिलं. मग चार नंबरचं पान उघडलं. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं : 'नापास.' लिहून झाल्यावर पाणी प्यायले.

मला वाईट वाटलं. पण पुढचं ऐकलं आणि माझ्या कंदाला कापरं भरलं.

"आता उरली एक कुंडी," ते म्हणाले. "म्हातारीला यंदा एकच दांडा आला. मधून पोकळ झालीये. तिच्या जागी ती पिवळी नेऊ या, मान वाकते तिची, पण कळ्या भरपूर होत्या. शास्त्रशुद्ध निर्णय घ्यायचा तर..."

उत्तराबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अच्छा. साठ झाली म्हणून सरकार तुम्हाला काढतंय, तर तुम्ही हिला काढताय?"

पेनाला टोपण लागलं. मग पद्माकररावांनी वही मिटली.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला उकरलं. मधला कुजका भाग ब्रेडच्या सुरीने कापून टाकला. दुखलं, पण मी ओरडले नाही. बाजूचे दोन ताजे कोंब घेऊन मला नव्या कुंडीत बसवलं. चार नंबरला विजयालक्ष्मीबाई हट्टाने घेऊन गेल्या. "मेट्रोत नाही नेणार, कारने नेईन," म्हणाल्या. बाकीच्याही जिच्या ओटीत फूल गेलं होतं तिच्याकडे गेल्या. टाकली एकही नाही. शेवटी नापास करणं पद्माकररावांना तेवढंच जमलं.

आता आम्ही नोएडात आहोत. एका बाजूला तुळस, मध्ये मी, पलीकडे नऊ नंबर. पुन्हा मार्च आलाय. दुपारचं कडक ऊन ती तिच्या पानांनी माझ्यावर येण्याआधीच अडवते. न सांगता.

मित्रांनो, आमच्या जातीला फार काही लागत नाही. पाणी तुंबू देऊ नका, आणि कंदाच्या पाठीवर माती लोटू नका, पाठीला ऊन लागलं तरच आम्ही फुलतो. आणखी एक. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे पहिल्या फुलाच्या दिवशी ठरवू नका. मी ठरवलं होतं. आई असूनही.

आज सकाळी पद्माकरराव दात कोरायची काडी घेऊन नऊ नंबरकडे निघाले. आतून आवाज आला, "अहो! जागा कुठाय?"

"एकच शेंग, उत्तरा. फक्त एक."

म्हणजे मला नातवंडं होणार. रंग कसले निघतील, देव जाणे. पण मी तोंड उघडणार नाही. निदान तिसरी कळी उमलेपर्यंत तरी.