जाळीतली घोणस

“मागे हो, मागे! घोणस आहे ती, गांडूळ नव्हे!” शेजारी कुंपणापलीकडून ओरडला. त्याच्या हातात फावडे होते. जन्मभर बस चालवल्यामुळे त्याचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो.

घोणस भाजीच्या वाफ्यावरच्या जाळीत अडकली होती. पक्ष्यांनी रोपे उकरू नयेत म्हणून माझ्या बायकोने ती नायलॉनची जाळी टाकली होती. ही गेल्यापासून मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. गवत जाळीतून वर आले होते आणि त्यात ती फुत्कारत होती. जितकी ओढायची तितका दोरा अंगात रुतायचा.

“एक घाव घालतो, विषय संपला.”

“फावडं खाली ठेव. मी फोन केलाय.”

सर्पमित्र बाई शाळेची व्हॅन घेऊनच आल्या. मुलांना सोडून थेट इकडे. त्यांनी घाई केली नाही. काठीने चुचकारत घोणशीचे तोंड प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत जाऊ दिले, मग नळी आणि अंग एकाच मुठीत घट्ट धरले. आता ती चावू शकत नव्हती. पण दुसऱ्या हाताने शेपटी धरावी लागली, त्यामुळे बाईंचे दोन्ही हात अडकले.

“काका, दोरे कुणीतरी कापायला हवेत. माझी कात्री जाड आहे, कातडं कापेल. बारीक टोकाची आहे का घरात?”

होती. मी केस कापणारा माणूस. पण ती कात्री टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली होती. औषधांनी हिचे केस गळायला लागले तेव्हा ही म्हणाली होती, “तुमच्याच हातून जाऊ देत.” मी कापले. तेव्हापासून हात थरथरायला लागला. ही गेल्यावर दुकान उघडून पाहिले, तर पहिल्याच गिऱ्हाइकाचा कान कापला. शटर ओढले ते ओढलेच.

कात्री आणली आणि शेजाऱ्यापुढे धरली.

“मी? मी स्टिअरिंगशिवाय काही धरलेलं नाही बाबा!”

“माझा हात हलतो,” मी बाईंना सांगितले.

“हलू दे. तिचं तोंड माझ्याकडे आहे, ते मी सोडत नाही. तुम्ही फक्त दोरा बघा. पण उशीर नको काका, फार रुतलाय. मरेल ती.”

मी गुडघ्यांवर बसलो. पहिल्या दोऱ्याखाली टोक घालताना हात इतका हलला की कात्री बाहेर काढावी लागली. घोणस फुगली, वळवळली. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, “हलू नका हं, झालंच.”

“सापाला अहो-जाहो! मला इतक्या वर्षांत कधी केलं नाहीस!”

बाई हसल्या. मीही हसलो. आणि हसता हसताच दोरा तुटला. मग दुसरा. कानामागचे केस काढतात तसे, डाव्या हाताने जाळी उचलायची आणि टोक आडवे सरकवायचे. हाताला सगळे आठवत होते. शेवटचा दोरा सुटला तेव्हा खवल्यांवर खोल वळ दिसला. रक्त नव्हते.

“जगेल,” बाई म्हणाल्या. घोणस पिशवीत सोडून त्यांनी पिशवीचे तोंड बांधले. “लांब माळावर सोडते.”

मी हात जोडले. त्यांना वाटले, सापासाठी.

“अहो, कापलंत तुम्ही. मी नुसती धरून बसले होते.”

व्हॅन गेली. मी कात्री पुसत होतो. शेजारी अजून तिथेच. त्याने टोपी काढली. केस मानेवर आले होते.

“बघ काय झालंय. दुसऱ्या कुणाकडे जायला मन होईना.”

मी स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर आणली. टॉवेल झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधला.

“कसे कापू?”

“कान तेवढे ठेव. बाकी तुझी मर्जी.”

तो मान खाली घालून बसला. मी मागे उभा राहून कापू लागलो. मध्येच डोळे पुसायला थांबावे लागले. कात्रीचा आवाज बंद झालेला त्याला कळला असणार. एरवी क्षणभर गप्प न बसणारा माणूस, पण कात्री पुन्हा सुरू होईपर्यंत तो काही बोलला नाही. त्याने मानही वळवली नाही.