कुंकवाचा प्लस

हे गेल्यापासून गाडी विकास नगरच्या घरासमोर अकरा महिने उभी होती. बंगळुरूहून निनादचा फोन आला, "मम्मी, बेच दो यार. चलती भी नहीं." माझ्या लेकाला मराठी कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"चालते की," मी म्हटलं. आणि म्हटलं म्हणून नवी बॅटरी आणली.

हे रेल्वेत इंजिनिअर, पण नव्या वस्तूला हळदकुंकू वाहिल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. मीही वाहिलं. बॅटरीच्या एका खुंटावर हळद, दुसऱ्यावर कुंकू. मग व्हिडिओ पाहिला: लाल म्हणजे प्लस. माझा लाल खुंट समोर होताच. लाल वायरचा चिमटा त्यावर सैल बसला. काळ्या वायरचा दुसऱ्यावर बसेचना, तो बत्त्याने ठोकला. ठिणगी उडाली, धूर निघाला, गाडी मुकी झाली.

नाक्यावरचे मेकॅनिक शकीलभाई आले. कुंकू बघून म्हणाले, "बहनजी, पूजा तो सही की, बस माइनस की कर दी."

"वाचेल का?"

"गाड़ी का कंप्यूटर जल गया होगा, तो कबाड़ समझिए."

त्यांनी वायरी सरळ लावल्या. टेस्ट-बल्ब घेऊन एकेक जागा तपासली. मेन फ्यूज जळला होता, तो बदलला. दिवे लागले. मी पदराचं टोक पिळत उभी.

"चाबी घुमाइए."

इंजिन खोकलं आणि सुरू झालं! पण बॅटरीचा लाल दिवा विझेना.

"कंप्यूटर बच गया. अल्टरनेटर फुँका है, चार्जिंग नहीं हो रही."

तो काढून नेला, संध्याकाळी दुरुस्त करून बसवला. लाल दिवा विझला.

निनादला फोन लावून हॉर्न ऐकवला. "अच्छा, हाँ मम्मी, ठीक है. मीटिंग में हूँ."

बॅटरी काढल्यामुळे डॅशबोर्डवरचं घड्याळ पुन्हा एकपासून सुरू झालं होतं. चारबाग स्टेशनवर ट्रेन चुकू नये म्हणून हे ते दहा मिनिटं पुढे ठेवायचे. मीही तसंच लावलं. मग कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आले.

गाडीत सात वाजले होते. घरात सात वाजायला दहा मिनिटं होती. ती मी गाडीतच बसून काढली.