शब्दांच्या बसमधली दोरी

मी एक जुनी दोरी आहे. एसटीच्या छताखालून थेट ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत जाणारी, घंटीची दोरी. पण मित्रांनो, माझ्यात सुताचा एक धागाही नाही. मी नुसत्या शब्दांची आहे. नागपुरातल्या सोनिका नावाच्या मुलीने मला संगणकावर लिहिले आणि मी जन्मले.

सोनिकाची आई इंदूबाई एसटीत कंडक्टर होत्या. नागपूर-नरखेड गाडीवर त्यांची उमर गेली. पुढे काचबिंदूने नजर हळूहळू नेली, नोकरी सुटली आणि इंदूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून राहू लागल्या. त्यांचे बोलणेही आटले. सोनिका तेव्हा कॉलेजात प्रोग्रामिंग शिकत होती. आईसाठी तिने एक खेळ करायला घेतला, चित्रांशिवायचा. संगणक वाचून दाखवी, "तू बसमध्ये आहेस." मग आपण बोलून हुकूम द्यायचा आणि तो पाळला गेला की गोष्ट पुढे सरकायची.

त्या खेळातली मी पहिली वस्तू. सोनिकाने आधी मला नाव दिले, मग रूप दिले: "छताखाली एक मळकट दोरी आहे." नंतर माझ्याशी काय काय करता येईल ते लिहिले. 'बघ' म्हटले की मी दिसायचे, 'ओढ' म्हटले की वाजायचे. एकदा ओढली तर गाडी थांबणार, दोनदा ओढली तर निघणार. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा धुक्यापलीकडून कुणी मला हाक मारल्यासारखे वाटले.

इंदूबाईंचा पहिला प्रवास मात्र फसला.

"डबल मार," त्या म्हणाल्या.

"हे मला समजले नाही," खेळ म्हणाला.

"घंटी वाजव ना गा!"

"हे मला समजले नाही."

"काहून नाई समजत याले? सोनिका, तुह्या गाडीले मराठी येत नाई का वं?"

सोनिका हसली नाही. खुर्ची ओढून आईजवळ बसली. "तू कशी म्हणायची, आई? सांग मले."

"अन् हे 'बघ' कायले पायजे? मी दोरीकडं कधी पाह्यलंच नाई. गर्दीत हात वर केला का सापडायची."

त्या दिवशी सोनिकाने आईचे शब्द खेळात घातले आणि 'हात लाव' हा नवा हुकूम लिहिला. मला स्पर्श मिळाला: घामाने गुळगुळीत झालेला पीळ, मध्येच एक गाठ. इंदूबाईंनी हुकूम दिला, ते वाक्य ऐकले आणि त्यांचा हात आपोआप वर गेला.

मग आमचे चांगले दिवस आले. दुपारी जेवण झाले की कळमेश्वर, काटोल असे थांबे घेत आमची गाडी निघे. शेजारची मुले जमत. "पुढं सरका, पुढं जागा हाय!" इंदूबाई त्यांना दटावत. कॉलेजच्या प्रदर्शनात लोकांनी माझे कौतुक केले.

पण सोनिकाला नोकरी लागली. ती थकून घरी येई. लॅपटॉप कपाटात गेला. मित्रांनो, कुणी खेळ उघडला नाही तर आम्ही त्यातल्या वस्तू झोपत नाही की जाग्या राहत नाही. दोन गावांमधल्या रस्त्यावर गाडी उभी आणि बाहेर नुसता पांढरा उजेड, असे काहीसे असते.

एका रविवारी इंदूबाईंनीच खेळ लावायला सांगितला. नरखेड आले. त्यांनी मला एकदा ओढले. गाडी थांबली.

"आता उतर," त्या म्हणाल्या.

"तिकडे काही नाही," खेळाने उत्तर दिले. सोनिकाने फक्त बस लिहिली होती.

 इंदूबाई हळूच म्हणाल्या, "मंजे मी जनमभर गाडीतच बसून राहू का वं?"

सोनिकाने लॅपटॉप मिटला. "आई, चप्पल घाल. आपण नरखेडले जाऊन राहिलो."

मी पुन्हा त्या पांढऱ्या उजेडात राहिले. खऱ्या बसपुढे माझा काय पाड! वाटले, आता मला कोण विचारणार?

संध्याकाळी झाकण उघडले तेव्हा इंदूबाई बोलत होत्या, थांबायलाच तयार नव्हत्या. "लिही वं! उतरल्या उतरल्या उजव्या हाताले भजे तळून राहिले. मंग मोसंबीचा वास. मंग हातपंपाचा आवाज." मग त्यांना गाडी आठवली. "अन् नव्या गाडीत दोरी नाई, बटन हाय. माहा हात उगाच वर गेला. आपल्या गाडीत दोरीच राहू दे."

सोनिकाने 'उतर'च्या पुढचे नरखेड लिहिले. आता इंदूबाई रोज मला ओढतात, गाडी थांबवतात आणि उतरून जातात. मी रिकाम्या गाडीत जराशी हलत राहते. एकटे वाटते, पण वाईट वाटत नाही.

मित्रांनो, आम्ही शब्दांच्या वस्तू झिजत नाही, गंजत नाही. विचारणारे कुणी उरले नाही की मुक्या होतो. माणसांचेही तसेच असावे. तुमच्या घरात कुणी गप्प झाले असेल, तर त्याला कुठे उतरायचे आहे ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गाडी हलवू नका.