कॅमेऱ्यावरची विभूती

मुरुम गावच्या बाजारपेठेत कुणाचा जुना कॉम्प्युटर अडून बसला, की लोक तो उचलून गौरीशंकर सरांकडं आणत. सर शाळेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, घरात बोलायला भिंती. ते त्या मशिनीवर लिनक्स ही फुकटातली, हलकी सिस्टिम टाकून देत आणि नवख्या माणसाला बोट धरून शिकवत. शिकवायचे मात्र इतकं चोख, की माणूस पुन्हा फिरकायचाच नाही.

उमादेवीचं किराणा दुकान. बेंगळुरूच्या लेकीनं दिलेला म्हातारा लॅपटॉप तिनं आणला, लिनक्स टाकून घेतलं, व्हिडिओ कॉल लावायलाही शिकली. मग तराजूला आणि गल्ल्याला लावतात तशी रोज सकाळी त्याच्याही कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढू लागली. आता लॅपटॉपचा कॅमेरा असतो नेमका कपाळावर, हे तिला कोण सांगणार?

ती पुन्हा हजर. “सर, मला लेकीकडची सगळी दिसतात, पण त्यांना मी दिसत न्हाय. नुसतं पांढरं दिसतंय म्हणं. तुमच्या लिनक्सला माझं वावडं हाय काय?”

सरांना एका नजरेत कळलं. ओला रुमाल फिरवला असता तरी काम झालं असतं. पण चहा उकळत होता, उमादेवीनं शेंगाच्या चटणीचा डबा उघडला होता, आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, “कॅमेऱ्याचा ड्रायव्हर प्रोग्राम बघावा लागंल, उमाक्का. उद्या या.”

उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा. सर काळ्या पडद्यावर उगाच काहीबाही टाइप करत आणि ती शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या नकला करी. सर रोज दाढी करू लागले. लाज वाटत होती, पण खोटं कशाला बोला, सुख जास्त वाटत होतं.

एका दुपारी अशी खटपट चालू असतानाच बेंगळुरूहून कॉल आला. चिमुरडी नात पडद्याला नाक लावून बघत होती.

“अज्जी, तुला तोंड न्हाय का?”

“हाय की गं!” उमादेवी हसली. पदर सारखा केला, केस चापून बसवले आणि आणखी पुढं सरकली. दिसत नाही तो जणू तिचाच दोष. पलीकडं पोर घाबरून आईच्या कुशीत शिरली आणि रडायला लागली.

सरांना बघवेना. त्यांनी पंच्याचं टोक ओलं केलं आणि लॅपटॉपचं कपाळ पुसलं.

“विभूती जरा खाली लावत जा, उमाक्का. इथं डोळा असतो त्याचा.”

“आई! किती वाळलीस गं!” लेक ओरडलीच. मग मायलेकी अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत सुटल्या. सर आपण मधे दिसू नये म्हणून भिंतीकडं सरकून उभे राहिले.

कॉल संपल्यावर उमादेवीनं डोळे पुसले, लॅपटॉप पिशवीत घातला.

“एवढंच होतं व्हय? लई दिवस खपलात माझ्यापायी. सुटलात बघा सर एकदाचे! आता काय मी तुम्हाला तरास द्यायला येत न्हाय.”

हे तिनं अगदी मनापासून सांगितलं. सर “बरं” म्हणाले आणि तिला दारापर्यंत सोडायला गेले.